पंधरा मार्चचा माणूस आणि परळची प्रयोगशाळा

दिनविशेषाच्या सदरात १५ मार्च ही तारीख पाहिली, तर मृत्यूंच्या रकान्यात पहिले नाव असते ज्युलियस सीझरचे. इसवी सनापूर्वी ४४ साली याच दिवशी रोमच्या सिनेटमध्ये त्याची हत्या झाली. त्यानंतर पोलाद स्वस्तात बनवण्याची पद्धत शोधणारे हेन्री बेसेमर (मृत्यू १८९८) आणि क्ष-किरणांवरील संशोधनासाठी नोबेल मिळवणारे आर्थर कॉम्प्टन (मृत्यू १९६२) यांची नावे येतात. जन्मांच्या रकान्यात मात्र आरोग्याशी संबंधित तीन नावे एकाखाली एक दिसतात. १८१३ : जॉन स्नो. १८५४ : एमिल फॉन बेरिंग. १८६० : वाल्डेमार हाफकिन.

स्नो यांनी कॉलरा पाण्यातून पसरतो हे दाखवून दिले. बेरिंग यांनी घटसर्प आणि धनुर्वात यांवर प्रतिविषाचा उपाय शोधला. हाफकिन यांनी कॉलरा आणि प्लेग या दोन्ही रोगांवर लस तयार केली. परळच्या हाफकिन संस्थेमुळे यांतले शेवटचे नाव मराठी माणसाच्या कानावर असते. पण ते नाव संस्थेला का मिळाले आणि त्याआधी त्या माणसाच्या वाट्याला काय आले, हे फारसे कुणी सांगत नाही.

तारखा जुळण्यात अर्थातच काही गूढ नाही. एका खोलीत २३ माणसे जमली, तर त्यांपैकी किमान दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी असण्याची शक्यता निम्म्याहून किंचित अधिक असते, असे गणित सांगते. शिवाय हाफकिन ज्या रशियन साम्राज्यात जन्मले, तिथे तेव्हा जुनी ज्युलियन दिनदर्शिका चालत असे. तिच्यानुसार त्यांचा जन्म ३ मार्चचा. आपल्या आजच्या दिनदर्शिकेत तो बारा दिवस पुढे सरकतो आणि १५ मार्चला येऊन बसतो. म्हणजे हा योगायोगही हिशोबाच्या पद्धतीवर अवलंबून आहे. मात्र या तीन माणसांच्या कामाचे धागे खरोखरच एकमेकांत गुंतले आहेत, आणि त्यांची गाठ हाफकिन यांच्या आयुष्यात पडते.

हाफकिन यांचा जन्म काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा शहरात एका ज्यू कुटुंबात झाला. ओडेसाच्या विद्यापीठात ते प्राणिशास्त्र शिकले. तिथे एली मेचनिकॉफ त्यांचे शिक्षक होते. शरीरातील पांढऱ्या पेशी जंतूंना गिळून टाकतात, हे पुढे मेचनिकॉफ यांनी सिद्ध केले आणि १९०८ साली त्यांना नोबेल मिळाले. विद्यार्थिदशेत हाफकिन यांचा बराच काळ अभ्यासाबाहेरच्या संकटांत गेला. रशियात त्या काळी ज्यूंच्या वस्त्यांवर जमावाचे हल्ले होत असत. त्यांना तोंड देण्यासाठी तरुणांनी स्वसंरक्षणाचे गट बनवले होते. हाफकिन अशाच एका गटात होते. एका हल्ल्यात ते जखमी झाले, त्यांना अटकही झाली. मेचनिकॉफ यांनी रदबदली केल्यामुळे ते सुटले.

शिक्षणानंतर ते ओडेसाच्या प्राणिशास्त्र संग्रहालयात काम करू लागले. विद्यापीठात अध्यापकाची जागा मिळू शकत होती, पण त्यासाठी धर्म बदलून रशियन ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती व्हावे लागणार होते. त्यांनी नकार दिला. १८८८ साली त्यांनी देश सोडला. काही काळ जिनिव्हात शिकवल्यानंतर १८८९ साली ते पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये दाखल झाले. मेचनिकॉफ आधीच तिथे पोचले होते. तिथे जागा रिकामी होती ती फक्त ग्रंथपालाची. हाफकिन यांनी ती घेतली आणि उरलेल्या वेळात प्रयोगशाळेत काम सुरू केले.

सुरुवातीला ते पॅरामेशियमसारख्या एकपेशीय जीवांचा आणि त्यांच्या आत राहणाऱ्या जंतूंचा अभ्यास करत होते. पण त्या काळात जंतुशास्त्राच्या प्रत्येक प्रयोगशाळेत कॉलऱ्याची चर्चा होती.

इथे जॉन स्नो यांच्याकडे एकदा वळून पाहायला हवे. हाफकिन जन्मण्यापूर्वी दोन वर्षे, १८५८ साली, स्नो वयाच्या अवघ्या ४५व्या वर्षी वारले होते. त्यांच्या काळी कॉलरा दूषित हवेने होतो असे बहुतेक डॉक्टर मानत. १८५४ च्या सप्टेंबरमध्ये लंडनच्या सोहो भागात साथ उसळली, तेव्हा स्नो यांनी घरोघर चौकशी करून मृत्यूंची ठिकाणे टिपली. बहुतेक मृत्यू ब्रॉड स्ट्रीटवरील एका सार्वजनिक पंपाभोवती दाटलेले दिसले. त्यांच्या आग्रहावरून पंपाचा दांडा काढून टाकण्यात आला. साथ तोवर ओसरू लागली होती, पण रोग पाण्यातून येतो हा मुद्दा आकड्यांनी उभा राहिला. तरीही तो सर्वमान्य झालेला पाहणे स्नो यांच्या नशिबी नव्हते. कॉलऱ्याचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८३-८४ मध्ये इजिप्त आणि कोलकात्यात केलेल्या कामातून सर्वांसमोर आला. रोग कुठून येतो हे कळले आणि कोण आणतो हेही कळले. पण कोट्यवधी लोकांना शुद्ध पाणी मिळेपर्यंत काय करायचे, हा प्रश्न तसाच होता. हाफकिन यांनी तो हाती घेतला.

त्यांनी दोन प्रकारचे जंतू तयार केले. एक प्रकार उष्ण हवेत वाढवून दुबळा केलेला. दुसरा प्रकार गिनीपिगच्या पोटातून एकामागून एक अनेकदा नेऊन अधिक जहाल केलेला. आधी दुबळ्या जंतूंची सुई द्यायची आणि सहा दिवसांनी जहाल जंतूंची, अशी पद्धत होती. प्राण्यांवर ती यशस्वी ठरली. १८ जुलै १८९२ रोजी हाफकिन यांनी पहिली सुई स्वतःला टोचून घेतली. ताप आला, टोचलेली जागा दुखली, आणि काही दिवसांत ते बरे झाले. मग काही मित्रांनीही सुया घेतल्या. लस माणसाला मारत नाही एवढे यातून कळले. ती रोग रोखते का, हे कळण्यासाठी मात्र जिथे कॉलरा सतत असतो तिथे जाणे भाग होते.

पॅरिसमध्ये तेव्हा लॉर्ड डफरिन हे ब्रिटनचे राजदूत होते. ते पूर्वी भारताचे व्हाइसरॉय होते. हाफकिन यांनी भारतात जावे, असे त्यांनी सुचवले. १८९३ च्या मार्चमध्ये हाफकिन कोलकात्यात उतरले. रशियातून आलेला, वैद्यकाची पदवी नसलेला, जिवंत जंतू टोचणारा माणूस म्हणून सरकारी डॉक्टरांपैकी अनेकांना त्यांच्याविषयी संशय होता. लोकांना तर सुईचीच भीती होती. त्यामुळे सुरुवातीचे बरेच काम उत्तर भारतातील लष्करी छावण्यांत झाले.

खरी परीक्षा १८९४ च्या वसंतात कोलकात्यात झाली. शहराचे आरोग्याधिकारी विल्यम सिम्पसन यांनी हाफकिन यांना कट्टल बागान नावाच्या वस्तीत बोलावले. तळ्याच्या पाण्यावर अवलंबून असलेल्या या गरीब वस्तीत कॉलऱ्याने माणसे दगावू लागली होती. तिथल्या सुमारे २०० रहिवाशांपैकी ११६ जणांनी लस घेतली. त्यानंतर वस्तीत आणखी १० जणांना कॉलरा झाला, त्यांपैकी ७ जण मरण पावले. हे दहाही जण लस न घेतलेल्यांतले होते.

आकडे लहान होते, पण त्यामागची पद्धत महत्त्वाची होती. एकाच वस्तीत, एकच पाणी पिणाऱ्या, एकाच परिस्थितीत राहणाऱ्या लोकांत लस घेतलेले आणि न घेतलेले यांची तुलना करायची. स्नो यांनी लंडनमध्ये वेगवेगळे पाणी पिणाऱ्यांची तुलना केली होती. हाफकिन यांनी तोच विचार लसीला लावला. पुढच्या काळात आसामच्या चहामळ्यांत आणि अन्यत्र मिळून ४० हजारांवर लोकांना त्यांनी लस दिली. या धावपळीत त्यांना हिवतापाने गाठले आणि १८९५ साली त्यांना युरोपात परतावे लागले. तब्येत पूर्ण सुधारली नव्हती तरी १८९६ मध्ये ते पुन्हा भारतात आले.

त्याच वर्षी मुंबईत प्लेग आला.

मांडवी भागात तापाने आणि गाठींनी माणसे मरू लागली होती. मूळचे गोव्याच्या हडफडे गावचे डॉ. अकासियो व्हिएगस यांनी सप्टेंबर १८९६ मध्ये हा गाठींचा प्लेग असल्याचे निदान केले. पाहता पाहता शहर रिकामे होऊ लागले. गिरण्यांतले कामगार गावी निघाले आणि त्यांच्याबरोबर रोगही गावोगाव गेला. सरकारने हाफकिन यांना मुंबईला पाठवले. ऑक्टोबरच्या सुरुवातीला ते पोचले. ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये त्यांना एक खोली, बाहेरचा व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई मिळाले. या साधनांवर त्यांनी प्लेगच्या लसीचे काम सुरू केले.

प्लेगचा जंतू दोन वर्षांपूर्वीच, १८९४ साली, हाँगकाँगमध्ये ओळखला गेला होता. पाश्चर इन्स्टिट्यूटचे अलेक्झांडर येर्सिन आणि जपानचे किटासाटो शिबासाबुरो या दोघांनी तो स्वतंत्रपणे शोधला होता. हाफकिन यांनी तो मांसाच्या रसात वाढवला. हिंदू आणि मुसलमान दोघांनाही लस घेताना अडचण वाटू नये म्हणून त्यासाठी बोकडाचे मांस वापरले. रसावर तूप किंवा खोबरेल तेलाचे थेंब तरंगत ठेवले, की त्या थेंबांना धरून जंतूंच्या लोंबत्या झुंबरासारख्या वाढी तयार होत. बाटली हलवली की त्या तळाशी बसत आणि पुन्हा नव्या लोंबू लागत. अशा रीतीने थोड्या जागेत भरपूर जंतू मिळत. मग ती बाटली सुमारे ६५ ते ७० अंश सेल्सियसला तासभर तापवून जंतू मारायचे आणि टिकण्यासाठी त्यात थोडे कार्बोलिक आम्ल घालायचे. कॉलऱ्याच्या लसीत जिवंत जंतू होते, या लसीत मात्र मेलेले होते.

डिसेंबरपर्यंत सशांवरचे प्रयोग झाले. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी १० मिलिलिटर लस स्वतःला टोचून घेतली. ही मात्रा पुढे लोकांना दिल्या गेलेल्या मात्रेहून बरीच मोठी होती. ताप चढला, सुई दिलेली जागा फार दुखली, पण त्यांनी काम थांबवले नाही. त्याच महिन्याअखेर भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तिथल्या सुमारे निम्म्या कैद्यांनी स्वेच्छेने लस घेतली. त्यांच्यात रोग आणि मृत्यू दोन्ही स्पष्टपणे कमी राहिले.

यापेक्षा ठळक पुरावा बडोदा संस्थानातल्या उंढेरा गावी मिळाला. १८९८ च्या फेब्रुवारीत तिथे प्रत्येक कुटुंबातील साधारण निम्म्या माणसांना लस दिली गेली. पुढच्या काही आठवड्यांत लस न घेतलेल्या ६४ जणांपैकी २६ जण प्लेगने गेले. लस घेतलेल्या ७१ जणांपैकी गेले ३. एकाच घरात, एकाच छपराखाली राहणाऱ्यांत एवढा फरक होता. सरकारने नेमलेल्या प्लेग आयोगानेही लसीमुळे रोगाचे आणि मृत्यूंचे प्रमाण घटते, असा निष्कर्ष काढला. संरक्षण पूर्ण नव्हते आणि ते कायमचेही नव्हते. ताप, सूज, एक-दोन दिवसांची मजुरी बुडणे हेही होतेच. तरीही त्या काळी प्लेगवर दुसरा कुठलाच उपाय नव्हता.

सरकारने तेव्हा उचललेली पावले मात्र वेगळ्याच स्वरूपाची होती. १८९७ च्या फेब्रुवारीत साथरोग कायदा झाला. २०२० च्या मार्चमध्ये कोविडच्या वेळी राज्यात लागू केला गेला तो हाच कायदा. पुण्यात घरांत घुसून झडत्या घेणे, माणसांना उचलून विलगीकरणात नेणे, सामान जाळणे असे प्रकार सुरू झाले. त्या साथीत प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी गेल्या. २२ जून रोजी चापेकर बंधूंनी प्लेग समितीचे प्रमुख रँड यांच्यावर गोळी झाडली. अशा वातावरणात सरकारी सुईवर लोकांनी विश्वास ठेवावा, ही अपेक्षाच अवघड होती. तरीही अनेकांनी तो ठेवला, कारण त्यांच्या समाजातील माणसे पुढे आली. तिसरे आगाखान तेव्हा विशीत होते. त्यांनी लोकांसमोर स्वतः लस घेतली, एकदा नव्हे तर अनेकदा. खोजा समाजातील हजारोंनी त्यांच्यामागून लस घेतली. प्रयोगशाळेसाठी त्यांनी आपली खुशरू लॉज ही वास्तूही दिली.

मागणी वाढली तशी तीही जागा अपुरी पडू लागली. परळला गव्हर्नरांचा जुना बंगला होता. १८८० च्या दशकात तिथे गव्हर्नरांच्या पत्नी लेडी फर्ग्युसन कॉलऱ्याने मरण पावल्या आणि त्यानंतर गव्हर्नरांनी तो बंगला सोडला. १० ऑगस्ट १८९९ रोजी याच वास्तूत प्लेग संशोधन प्रयोगशाळा सुरू झाली आणि हाफकिन तिचे संचालक झाले. कॉलऱ्याने रिकाम्या केलेल्या घरात कॉलऱ्याची लस करणारा माणूस येऊन बसला होता.

वय ३९. हाताखाली मोठी संस्था, सरकारी किताब आणि जगभर नाव. इथून तीन वर्षांत ते सगळे गेले.

१९०२ साली पंजाबात प्लेगने थैमान घातले होते. तिथल्या सरकारने लसीकरणाची प्रचंड मोहीम आखली. परळहून एवढी लस पुरवायची तर बनवण्याचा वेग वाढवणे आवश्यक होते. हाफकिन यांनी कार्बोलिक आम्ल घालण्याची पायरी वगळली आणि निर्जंतुक करण्यासाठी केवळ उष्णतेवर भर दिला. पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये ही पद्धत आधीपासून वापरात होती.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल गावी १०७ जणांना लस देण्यात आली. पाच बाटल्या वापरल्या गेल्या. त्यांपैकी चार बाटल्यांतील लस घेतलेल्यांना काही झाले नाही. पाचव्या बाटलीवर ५३-एन असा क्रमांक होता. तिच्यातून १९ जणांना लस दिली होती. आठवडाभरात त्यांच्या जबड्याचे स्नायू आखडू लागले. धनुर्वात झाला होता. एकोणीसच्या एकोणीस जण मरण पावले.

धनुर्वाताचा जंतू मातीत असतो. त्याचे बीजाणू फार चिवट असतात, साध्या उकळण्यालाही दाद देत नाहीत. हवा नसलेल्या जागी ते रुजतात आणि विष तयार करतात. ते विष मज्जातंतूंवर परिणाम करते. हे ज्ञान तेव्हा ताजे होते. १८९० साली बर्लिनमध्ये एमिल बेरिंग आणि किटासाटो यांनी दाखवले होते की, प्राण्याला या विषाची सवय लावली की त्याच्या रक्तात विष निष्प्रभ करणारे द्रव्य तयार होते आणि ते दुसऱ्या प्राण्याला देऊन त्याला वाचवता येते. घटसर्पावर याच तत्त्वाने उपचार सुरू झाले आणि हजारो मुले वाचली. १९०१ साली वैद्यकाचे पहिलेवहिले नोबेल बेरिंग यांना मिळाले. हाफकिन यांच्यासारखाच १५ मार्चला जन्मलेला हा माणूस धनुर्वातावरच्या विजयासाठी ओळखला जात होता. पुढच्याच वर्षी त्याच रोगाने हाफकिन यांच्या लसीच्या नावावर १९ मृत्यू लिहिले गेले.

चौकशीसाठी आयोग बसला. धनुर्वाताचे जंतू बाटलीत नेमके कधी शिरले, हा कळीचा प्रश्न होता. परळला बाटली भरताना, की मुलकोवालला ती उघडताना? बाटली प्रयोगशाळेतच दूषित झाली असावी, असे आयोगाने म्हटले आणि कार्बोलिक आम्ल वगळल्याबद्दल बोट ठेवले. हाफकिन यांना कामावरून दूर करण्यात आले. १९०४ साली त्यांनी भारत सोडला.

चौकशीची सर्व कागदपत्रे मात्र बरीच उशिरा, १९०६-०७ मध्ये, उजेडात आली. त्यांतून दिसले की, गावात बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. तो ज्योतीत धरून निर्जंतुक करण्याऐवजी नुसता जंतुनाशक पाण्यात बुचकळून त्याच चिमट्याने बूच काढले गेले होते. दुसरा मुद्दा वासाचा. बाटली भरून ४१ दिवस झाले होते. धनुर्वाताचे जंतू इतके दिवस आत वाढले असते, तर बूच निघताच उग्र दुर्गंधी यायला हवी होती. तसा वास आला नव्हता. तिसरे म्हणजे, रोगाची लक्षणे दिसायला जेवढे दिवस लागले, तेवढे दिवस आधीच विषाने भरलेल्या बाटलीच्या बाबतीत लागले नसते.

कोलकात्याचे जुने सहकारी सिम्पसन हाफकिन यांच्या बाजूने उभे राहिले. हिवताप डासांमुळे होतो हे भारतातच सिद्ध करून १९०२ चे नोबेल मिळवणारे रोनाल्ड रॉस यांनी लंडनच्या वर्तमानपत्रातून जाहीरपणे हा विषय लावून धरला. १९०७ च्या जुलैमध्ये रॉस आणि इतर नामांकित जंतुशास्त्रज्ञांनी मिळून पत्र प्रसिद्ध केले. हाफकिन यांच्यावरील ठपका पुराव्याने टिकत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. फ्रान्समधील ज्यू लष्करी अधिकारी ड्रेफस यांच्यावरील खोटा खटला तेव्हा लोकांच्या आठवणीत ताजा होता, त्यामुळे या प्रकरणाला छोटे ड्रेफस प्रकरण असेही म्हटले गेले. १९०७ च्या अखेरीस हाफकिन यांच्यावरील डाग पुसला गेला आणि त्यांना पुन्हा भारतात बोलावण्यात आले.

बोलावले, पण परळला नाही. मुंबईची प्रयोगशाळा तोवर इतरांच्या हाती गेली होती. हाफकिन यांना कोलकात्याच्या प्रयोगशाळेत जागा मिळाली. लस बनवण्याचे काम मात्र त्यांच्याकडे पुन्हा सोपवले गेले नाही. तिथे काही वर्षे संशोधन करून, पहिले महायुद्ध सुरू झाले त्या सुमारास ते निवृत्त झाले आणि युरोपात परतले. वय पंचावन्नच्या आसपास होते. त्यानंतर जंतुशास्त्रात त्यांनी फारसे काही केले नाही. लग्न केले नव्हते. तरुणपणी ज्या धर्मासाठी नोकरी नाकारली होती, त्याचे आचरण आता त्यांच्या आयुष्याच्या केंद्रस्थानी आले. पूर्व युरोपातील ज्यू धार्मिक शाळांसाठी त्यांनी आपली संपत्ती ठेवली. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले.

मृत्यूच्या पाच वर्षे आधी एक गोष्ट घडली होती. १९२५ साली परळच्या प्रयोगशाळेला हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव देण्यात आले. तोवर मुंबईतून प्लेगच्या लसीच्या सुमारे २ कोटी ६० लाख मात्रा रवाना झाल्या होत्या. या साथीत भारतात एक कोटीहून अधिक लोक मेले. लसीने किती जण वाचले याचा नेमका हिशोब लावता येत नाही. पण उंढेऱ्यासारख्या गावांचे आकडे पाहिले की अंदाज येतो. १९३२ साली साहिबसिंग सोखी हे संस्थेचे पहिले भारतीय संचालक झाले. सर्पदंशावरील प्रतिविषापासून पोलिओच्या लसीपर्यंत अनेक कामांशी पुढे या संस्थेचे नाव जोडले गेले. १९६४ साली भारतीय टपाल खात्याने हाफकिन यांचे तिकीट काढले.

हाफकिन निर्दोष ठरले याचा अर्थ मुलकोवालचे १९ मृत्यू कमी गंभीर ठरतात असा होत नाही. त्या माणसांनी विश्वासाने दंड पुढे केला होता आणि त्या विश्वासाची किंमत त्यांनी मोजली. आज आपण लसीकरणाच्या ज्या नियमांना कटकट म्हणतो, त्यांचे कारण अशाच प्रसंगांत सापडते. प्रत्येक कुपीवर निर्मितीचा गट क्रमांक असतो. मुलकोवालला बाटलीचा क्रमांक नोंदलेला होता, म्हणूनच उरलेल्या चार बाटल्या निर्दोष असल्याचे सिद्ध करता आले. प्रत्येकाला नवी सुई वापरली जाते. गोवर-रुबेलाची लस एकदा पातळ केली की चार तासांनंतर टाकून दिली जाते, मग तिच्यात कितीही मात्रा शिल्लक असोत. लसीनंतर काही विपरीत घडले तर दोष लसीचा, साठवणुकीचा, टोचणाऱ्याच्या हाताचा की निव्वळ योगायोगाचा, हे शोधण्याची पद्धत ठरलेली आहे. १९०२ साली ही पद्धत असती, तर उत्तर मिळायला पाच वर्षे लागली नसती.

पालकांसाठीही यात एक गोष्ट आहे. लस दिल्यावर मुलाला ताप आला किंवा टोचलेली जागा सुजली, तर सहसा घाबरण्याचे कारण नसते. पण जोराचा किंवा न उतरणारा ताप, झटके, श्वासाचा त्रास असे काही दिसले, तर लगेच डॉक्टरांकडे जावे आणि ज्या केंद्रात लस घेतली तिथे त्याची नोंद करायला सांगावी. लसीकरणाचे कार्ड जपून ठेवावे. शंका विचारणे म्हणजे लसीला विरोध करणे नव्हे. शंका विचारली गेली, नोंदली गेली आणि तिची तपासणी झाली, तरच लसीवरचा विश्वास टिकतो.

आज दीड महिन्याचे बाळ सरकारी केंद्रात नेले, की त्याला मिळणाऱ्या पेंटाव्हॅलेंट लसीत घटसर्प आणि धनुर्वात यांवरचे संरक्षण असते. त्या संरक्षणाचा पाया बेरिंग यांनी घातला. नळाला येणाऱ्या पाण्यात क्लोरीन घातलेले असते. पाण्यातून रोग येतो हे स्नो यांनी दाखवले नसते, तर त्याची गरज कुणाला वाटली नसती. प्लेगवर आता प्रतिजैविके आहेत आणि हाफकिन यांची जुनी लस कुणी घेत नाही. कॉलऱ्यावर मात्र तोंडाने घेण्याच्या लसी जगात जिथे साथ उसळते तिथे आजही दिल्या जातात.

परळला त्या जुन्या बंगल्यात संस्था अजून उभी आहे. पुढच्या १५ मार्चला दिनविशेषाच्या सदरात सीझरचे नाव ठळक छापलेले असेल, यात शंका नाही. त्याखाली एखाद्या ओळीत हाफकिन यांचे नाव दिसले, तर ग्रँट मेडिकल कॉलेजातली ती एक खोली, व्हरांडा आणि तीन शिपाई आठवावेत. आणि त्यांच्याबरोबर मुलकोवालची ती एकोणीस माणसेही आठवावीत.